दोन फ्लास्क

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. कोथरूडला बहिणीकडे जेवण झालं आणि भाचा मला स्कूटरवरून घरी सोडायला निघाला. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. भुरभुर पाऊस, पंपावर रांग. रांगेत उभ्या उभ्या वीस टक्के इथेनॉलची पाटी वाचत तो म्हणाला, "हे आल्यापासून गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलंय बघ." मग एकदम काहीतरी आठवून मागे वळला. "मावशी, तू तर शेवाळापासून इंधन करत होतीस ना? आम्ही लहान असताना आई सगळ्यांना सांगायची. मग शेवटी उसाचंच कसं आलं?" विचारण्यात खोच अजिबात नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "ते जमलं नाही रे." तो "अच्छा" म्हणाला, पुढची गाडी हलली, त्याने स्कूटर ढकलत पुढे घेतली, मोबाईल दाखवून पैसे भरले आणि आम्ही निघालो.

घरी येऊन ओले कपडे वाळत घातले, चहा केला, तरी ते उत्तर डोक्यातून जाईना. त्यात खोटं काही नव्हतं. शेवाळाचं डिझेल आपल्या पंपावर मिळत नाही हे कुणालाही दिसतं. पण ज्या कामाला मी तिशीपासून साठीपर्यंतची वर्षं दिली, ते एवढ्याशा उत्तरात मावत नव्हतं. त्या मुलाला खरं कारण सांगायचं राहून गेलं होतं, आणि कारण तर मला चांगलं ठाऊक आहे.

माझा शेवाळाशी संबंध आला तो सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या हौदापाशी. दगडी हौद, पाण्याच्या रेषेखाली भिंतींवर हिरवी साय. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी आम्हा मुलांना काथ्या देऊन हौद घासायला उतरवायची. पण त्याआधीचे काही दिवस मी दुपारी हौदाच्या काठावर पालथी पडून आत बघत बसायची. कोवळ्या कोपरांना दगड चटके द्यायचा. ऊन थेट पाण्यात उतरलं की त्या हिरव्या सायीवर बारीक रुपेरी बुडबुडे धरायचे. एकेक फुगत जायचा, थरथरायचा आणि सुटून वर यायचा. ढग आला की बुडबुडे सुटायचे थांबत. ऊन परत आलं तरी लगेच नाही. थोडा वेळ काहीच व्हायचं नाही, मग पुन्हा एक, दोन, आणि मग सगळी भिंत. ढग गेल्यावरचा तो मधला थांबा मला फार छळायचा. ऊन तर आलंय, मग ह्यांचं काय चाललंय? आजी माजघरातून ओरडायची, "पाय घसरेल, ऊठ तिथून." यान इंगेनहाउझ नावाच्या डच डॉक्टरने १७७९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे असेच बुडबुडे पाहिले आणि वनस्पतींना हे काम करायला ऊन लागतं, उबेने भागत नाही, हे दाखवलं. ते मला पुष्कळ पुढे कळलं. तोवर आमचा वाडा पाडून तिथे सहा मजली इमारत उभी राहिली होती.

एम.एस्सी.ला असताना आमच्या सरांनी एक साधा प्रयोग दाखवला. पालकाची पानं खलबत्त्यात वाटून अल्कोहोलमध्ये हरितद्रव्य उतरवलं. काचेच्या नळीत गर्द हिरवा रस. मग खोलीचे पडदे ओढले आणि नळीवर अतिनील दिवा धरला. रस लालभडक झाला. वर्गात कुणी बोलेना. सर म्हणाले, "हिने प्रकाश घेतला, पण त्याचं करायला हिच्याकडे काही उरलेलं नाही. यंत्रणा आपण वाटून टाकली. म्हणून परत देतेय." जिवंत पेशीही असा लाल उजेड देते, फक्त अगदी मंद, कारण तिला त्या प्रकाशाचं काहीतरी करता येतं. पान अंधारातून एकदम उजेडात आणलं की ही चमक आधी चढते आणि मग हळूहळू उतरते, हे हान्स काउट्स्की यांनी १९३१ मध्ये नुसत्या डोळ्यांनी टिपलं होतं. ती चढ-उतार मोजणं हेच पुढे माझं काम झालं. पेशी आलेल्या प्रकाशातला किती कामाला लावते, किती उष्णता करून टाकते, किती परत देते. रोजच्या वह्यांत हेच.

या विषयात एकदा शिरलं की माणसं भेटतात, आणि मला ती आकड्यांइतकीच जवळची वाटत आली आहेत. रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम अर्नोल्ड यांनी १९३२ मध्ये क्लोरेला या गोल, हिरव्या, एकपेशीय शेवाळावर क्षणाचाही बारीक तुकडा असे प्रकाशाचे झोत टाकले आणि मोजलं, तर ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला हरितद्रव्याचे सुमारे २,५०० रेणू लागत होते. म्हणजे बहुतेक रेणू नुसते प्रकाश गोळा करून देणारे, आणि काम करणारी जागा एखादीच. पुढे इमर्सन यांचं भांडण झालं ते त्यांच्याच गुरूशी, ऑटो वारबुर्ग यांच्याशी. ऑक्सिजनच्या एका रेणूला चार प्रकाशकण पुरतात असं नोबेल मिळवलेले वारबुर्ग म्हणत. इमर्सन पुन्हापुन्हा मोजून सांगत होते की निदान आठ तरी लागतात. बाहेरच्याला हा वाद किरकोळ वाटेल. पण उन्हातून जास्तीत जास्त किती मिळू शकतं याची वरची मर्यादाच त्यावर ठरत होती. इमर्सन बरोबर होते. १९५९ मध्ये ते विमान अपघातात गेले. अलाहाबादहून अमेरिकेत इलिनॉयमधल्या अर्बानाला त्यांच्याकडे शिकायला गेलेले गोविंदजी आणि रजनी या दोघांनी पीएच.डी. मग दुसऱ्या मार्गदर्शकाकडे पूर्ण केली. पुढची कितीतरी वर्षं गोविंदजींनी या शास्त्राइतकाच त्याचा इतिहास जपला. आमच्या पिढीला ही भांडणं, ही माणसं कळली ती बरीचशी त्यांच्या लिहिण्यामुळे.

आमची प्रयोगशाळा लहान होती. एका भिंतीला ट्यूबलाइट लावलेल्या मांडण्या, त्यांवर फ्लास्क. कोपऱ्यात शेकर, दाराशी ऑटोक्लेव्ह. सकाळी कुलूप काढलं की आधी वास यायचा. कल्चर निरोगी असेल तर ओलसर, गवताळ, किंचित गोडसर. कुठे बॅक्टेरिया शिरले असतील तर तो गोडवा आंबूस व्हायचा आणि दारातच कळायचं. आमचे प्रयोगशाळेतले मामा भोरकडचे. घरची भातशेती, शिक्षण बेताचं, पण रंगावरून त्यांना जे कळायचं ते मला यंत्रावरून कळायला अर्धा तास लागे. "मॅडम, तिसऱ्या फळीवरच्याचा रंग उतरलाय बघा," म्हणत, आणि रीडिंग घेतलं की खरंच त्या फ्लास्कमधल्या पेशी दमलेल्या असत. लोडशेडिंगच्या वर्षांत जनरेटर फक्त फ्रीजपुरता होता. वीज गेली की शेकर थांबायचे आणि क्लोरेला तळाशी बसायला लागायची. मग मामा आणि मी खिडकीपाशी दोन स्टुलांवर बसून एकेक फ्लास्क हातात घेऊन मनगटाने फिरवत राहायचो. फार जोरात फिरवलं तर कापसाच्या बुचाला पाणी लागतं, फार हळू फिरवलं तर मधोमध हिरवा ढीग तसाच राहतो. मामांचं मनगट इतकं एका लयीत फिरे की काचेच्या कडेला फेसाची अखंड बारीक रेघ धरायची. माझी तशी कधी धरली नाही.

सगळ्यात जास्त काम केलं ते क्लॅमिडोमोनास या दुसऱ्या एकपेशीय शेवाळावर. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या या जातीचे बरेचसे वाण १९४५ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टजवळच्या बटाट्याच्या शेतातल्या मातीतून निघाले. मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढी पेशी. तिला दोन शेपट्या, पोटात पेल्याच्या आकाराचं एकच मोठं हरितलवक, आणि एका बाजूला नारिंगी ठिपका, ज्याच्या आधाराने उजेड कुठून येतोय ते तिला कळतं. काचपट्टीवर थेंब ठेवून एका कडेने दिवा लावला की सगळ्या त्या कडेकडे पोहत निघतात. दिवा फार तेज केला तर उलट फिरतात. पहिल्यांदा हे पाहिलं त्या संध्याकाळी मी घरी उशिरा पोचले आणि का उशीर झाला ते कुणाला समजावून सांगता येईना.

तेज उन्हाचं या पेशी काय करतात, हा माझा प्रश्न. उत्तर ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. भर उन्हात तळ्याच्या वरच्या थरातल्या पेशी घेतलेल्या प्रकाशाचा मोठा भाग, कधी तीन-चतुर्थांशाहूनही जास्त, उष्णता करून टाकून देतात. तेवढा प्रकाश पेलायची त्यांच्या आतल्या यंत्रणेची ताकदच नसते. आमच्या वाड्यात नळाला पाणी आलं की एखादीने नेता येणार दोन हंडे असताना सहा लावून ठेवावेत, पाणी वाहून जावं आणि मागच्या बायकांनी रिकाम्या कळशा घेऊन उभं राहावं, तशी तळ्याची गत होते. वरच्या पेशी न पेलणारा प्रकाश अडवतात आणि खालच्या अंधारात राहतात. पण म्हणून त्यांना दोष देता येत नाही. रानातल्या डबक्यात कधी ढग, कधी झाडाची सावली, कधी वर दुसऱ्यांचा थर. मिळेल तेवढं आधी पकडून ठेवणाऱ्या पेशीच तगल्या. आणि जास्तीचा प्रकाश टाकून दिला नाही तर यंत्रणाच जळते. पाणी फोडून ऑक्सिजन सोडणाऱ्या केंद्रातलं एक प्रथिन उन्हात सतत मोडत असतं आणि पेशी ते सतत नवं घडवत असते. क्लॅमिडोमोनासमध्ये हा जास्तीचा भार उतरवायचं काम एलएचसीएसआर नावाचं प्रथिन करतं, हे २००९ मध्ये स्पष्ट झालं. मंद उजेडात वाढलेल्या पेशींकडे ते जवळपास नसतं. तेज प्रकाशात काही तास काढले की तयार होतं. तो निबंध वाचताना मी माझ्या जुन्या वह्या काढून बसले. सकाळची रीडिंग्ज आणि दुपारची रीडिंग्ज जुळत नव्हती, त्या जागी वर्षानुवर्षं मी समासात प्रश्नचिन्हं करून ठेवली होती. त्यातली कितीतरी त्या एका दुपारी सुटली.

मग तेलाची लाट आली.

जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेला आणि शेवाळाकडे कधी न पाहिलेली माणसं आमच्या दारात यायला लागली. बियांपासून डिझेल देणार म्हणून मोगली एरंडाचा गाजावाजा त्याआधीच होऊन गेला होता, शेतकऱ्यांनी बांधावर लावलेली झाडं फळं धरत नव्हती. आता शेवाळ. सुपीक जमीन नको, गोडं पाणी नको, हेक्टरी उत्पन्न सगळ्या तेलबियांच्या पुढे. यातलं बरंचसं तत्त्वतः खरंही होतं, आणि मला त्या उत्साहाचा राग कधीच आला नाही. पहिल्यांदाच माझ्या विषयाला पैसे मिळाले, नवं सेंट्रिफ्यूज आलं, हुशार मुलं संशोधनाला आली. पण अमेरिकेने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं हेच करून पाहिलं होतं. सुमारे ३,००० वाण गोळा केले, न्यू मेक्सिकोत रॉझवेलला हजार-हजार चौरस मीटरची तळी चालवली. एखाद्या दिवशी चौरस मीटरला ५० ग्रॅमपर्यंत वाढ मिळाली. वर्षाची सरासरी मात्र १० च्या आसपास राहिली, कारण थंडीच्या रात्री. त्यांचा १९९८ चा अहवाल मी अप्पा बळवंत चौकातून स्पायरल बाइंडिंग करून घेतला होता आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात आधी तो ठेवत असे. मुख्य गोष्ट त्यात स्वच्छ लिहिलेली होती.

ती गोष्ट अशी. एका टेबलावर दोन फ्लास्क ठेवा. पहिल्यात नत्र भरपूर. पेशी वाढतात, दुभागतात, दोन-तीन दिवसांत फ्लास्क गर्द हिरवा होतो, आणि तेल जेमतेम. दुसऱ्यात नत्र अजिबात नाही. इथे वाढ थांबते. हिरवा रंग फिकुटतो, मग पिवळट होतो. या दुसऱ्या फ्लास्कमधला थेंब नाईल रेड या रंगद्रव्याने रंगवून अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली धरला की जे दिसतं त्याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. प्रत्येक पेशीत पिवळे, सोनेरी, लखलखते गोल थेंब, दाटीवाटीने एकमेकांना खेटून, आणि कडेने उरल्यासुरल्या हरितद्रव्याची लाल कोर. हेच ते तेल. भुकेल्या पेशीने वाईट दिवसांसाठी साठवलेलं. ऊन येतच असतं, कर्ब आत येतच असतो, पण नत्राशिवाय प्रथिनं घडत नाहीत, म्हणून पेशी ते सगळं तेलाच्या रूपात बाजूला ठेवते. क्लॅमिडोमोनास अशा उपासमारीत आणखी एक करते: जोडीदार शोधायला लागते. नत्र तुटलं की तिच्या पेशी युग्मकं होतात, दोघी एकत्र येऊन जाड कवचाचं बीजाणू करतात, आणि ते मातीत कोरडं पडून कितीतरी काळ टिकतं. तेल आणि जोडीदार, दोन्ही एकाच भीतीतून. आमच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "मॅडम, ह्यांना आपण उपाशी ठेवतोय." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वाढ हवी तर तेल नाही. तेल हवं तर वाढ नाही.

एका बैठकीत मी समितीपुढे बसले होते. कुणाची समिती, कुठे, ते महत्त्वाचं नाही. पडद्यावर एका प्रकल्पाचं गणित होतं. रोज चौरस मीटरला २५ ग्रॅम वाढ, त्यात ५० टक्के तेल, वर्षाचे ३६५ दिवस. गुणाकार केला की हेक्टरी ४५ टनांच्या वर तेल येतं. तेलताडासारख्या उत्तम पिकातही हेक्टरी चारेक टन मिळतं. खोलीत आनंदाची कुजबुज झाली. मी विचारलं, वाढीचा आकडा कुठल्या फ्लास्कमधला आणि तेलाचा कुठल्या? दोन्ही एकाच प्रयोगातले आहेत का? उत्तर आलं नाही. मी म्हटलं, वाढ नत्र दिलेल्या पेशींची आहे आणि तेल नत्र तोडलेल्या पेशींचं, हा गुणाकार करताच येत नाही. अध्यक्षांनी मला शांतपणे सांगितलं की नव्या विषयात थोडी सकारात्मक दृष्टी ठेवायला हवी. तो प्रकल्प मंजूर झाला. आमच्या प्रस्तावात आम्ही वाढ आणि तेल एकाच तळ्यातून, पावसाळ्यासकट वर्षभर मोजायचं लिहिलं होतं, आकडे साहजिकच लहान होते, आणि मागितलेल्यातली निम्मीच रक्कम मिळाली. याचं मला आजही वाईट वाटतं. पैशांपेक्षा, त्या खोलीतल्या कितीतरी माणसांना तो गुणाकार चुकतोय हे कळत होतं आणि तरीही कुणी माझ्या बाजूने एक वाक्य बोललं नाही, याचं.

त्या निम्म्या पैशांत शहराबाहेर एक लहानसं तळं केलं. लांबट गोलाकार, वीतभर खोल, एका जागी फिरणारं पातं, पाणी सारखं हलतं राहावं म्हणून. मला त्या तळ्याने प्रयोगशाळेपेक्षा जास्त शिकवलं. एप्रिलमध्ये पाणी इतकं आटायचं की रोज भर घालावी लागे, आणि दुपारी त्यात हात घातला तर कोमट लागे. जूनच्या पहिल्या वळवाने सगळं पातळ झालं. मग एका सकाळी मामांचा फोन आला. "मॅडम, पाणी खाली दिसायला लागलंय." मी पोचले तेव्हा आदल्या संध्याकाळी गर्द हिरवं असलेलं तळं तपकिरी, गढूळ, तळाचा रंग दिसेल इतकं विरळ झालं होतं. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. रोटिफर. पारदर्शक, लांबट, तोंडाशी केसांची दोन चक्रं गरगरणारी, आणि प्रत्येकाचं पोट आमच्या शेवाळाने हिरवंगार. ते पोट पुढे-मागे हलत होतं, आत दळण चाललं होतं. मामा डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. "पीक खाल्लं म्हणायचं," एवढंच म्हणाले. तळं रिकामं करून, चुना मारून, सुकवून पुन्हा भरलं.

पीक आलं तरी काढायचं कसं हा प्रश्न वेगळाच. दाट दिसणाऱ्या अशा तळ्यातही लिटरला अर्धा-एक ग्रॅमच शेवाळ असतं. अर्धा धरला तर हजार लिटर पाणी उपसून, गाळून, सेंट्रिफ्यूजमधून फिरवून अर्धा किलो सुकं शेवाळ. त्यात वीस टक्के तेल मिळालं तर शंभर ग्रॅम. ते शंभर ग्रॅम मिळवायला लागलेली वीज आम्ही मीटर लावून मोजली आणि अहवालात पहिल्या पानावर दिली. हा अहवाल मला माझ्या कुठल्याही छापील निबंधाहून जास्त प्रिय आहे. त्यात एकही आकडा दुसऱ्या फ्लास्कमधून उसना घेतलेला नाही.

लाट ओसरली ती टप्प्याटप्प्याने. एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने २००९ मध्ये सिंथेटिक जीनोमिक्स या जनुकतंत्राच्या कंपनीबरोबर ६० कोटी डॉलरपर्यंतच्या शेवाळ प्रकल्पाची घोषणा केली होती. २०१७ मध्ये त्यांच्या शास्त्रज्ञांनी नॅनोक्लोरॉप्सिस या समुद्री शेवाळातलं एक नियंत्रक जनुक मंद करून तेलाचं प्रमाण २० टक्क्यांवरून ४० च्या वर नेलं, आणि वाढ फारशी घटली नाही. तो निबंध मी तीनदा वाचला. दोन फ्लास्क एका फ्लास्कमध्ये आणायची ती सुरुवात होती, आणि ती कुणी केली याने मला काही फरक पडला नाही. त्या रात्री मी माझ्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना तो पाठवला. बर्कलीच्या अनास्तासिओस मेलिस यांनी त्याआधीच प्रकाश गोळा करणारी जाळी लहान केलेले क्लॅमिडोमोनास घडवले होते, म्हणजे वरच्या पेशींनी गरजेपुरताच प्रकाश घ्यावा आणि खालच्यांना मिळू द्यावा. दोन्ही कामं सुंदर आहेत. पण पाणी उपसायचा खर्च, रोटिफर आणि पावसाळा त्यांनी सुटत नाहीत. २०२३ मध्ये एक्सॉनमोबिलनेही हात काढून घेतला.

मात्र आमच्या क्षेत्रातलं कळलेलं सगळं तळ्यातच राहिलं असं नाही, आणि भाच्याला हे सांगायला हवं होतं. ढग आल्यावर पान सावलीत जातं, पण जास्तीचा प्रकाश टाकून द्यायची सवय मोडायला त्याला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ मिळणारा थोडा प्रकाशही वाया जातो. शेतात दिवसभर असे कितीतरी ढग, कितीतरी पानांच्या सावल्या. २०१६ मध्ये इलिनॉयच्या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या रोपांत ही सवय लवकर मोडेल अशी जनुकं घातली आणि शेतात वाढ सुमारे १५ टक्के जास्त भरली. २०२२ मध्ये छापलेल्या निबंधात सोयाबीनच्या एका हंगामात दाण्याचं उत्पन्नही वाढलेलं दिसलं. प्रयोगाचं शेत अर्बानातलं, म्हणजे इमर्सन जिथे शेवटपर्यंत मोजत बसले होते तिथलंच. सोयाबीनवर मराठवाड्यात आणि विदर्भात किती घरं उभी आहेत हे आपल्याला वेगळं सांगायला नको. प्रकाश टाकून देण्याची ही भाषा जगभरच्या प्रयोगशाळांनी शेवाळांवर आणि पानांवर वर्षानुवर्षं मोजून तयार केली. त्यात आमच्याही वह्या आहेत, फार थोड्या, पण आहेत.

उसाचंही तसंच. क्लोरेलाला किरणोत्सारी कर्ब पाजून मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी साखर बनण्याचा मार्ग शोधला, १९६१ चं नोबेल मात्र एकट्या कॅल्विन यांना मिळालं. तीच पद्धत उसाला लावल्यावर हवाईत आणि ऑस्ट्रेलियात दिसलं की ऊस कर्ब आधी वेगळ्या रूपात धरून एका जागी दाटवतो, म्हणून भर उन्हात तो इतर पिकांच्या पुढे पळतो. शेवाळही कर्ब दाटवतं, फक्त त्याची रीत निराळी. इथेनॉल पंपावर येण्यामागे आपल्याकडे आधीपासून उभे असलेले साखर कारखाने, मळी आणि आसवण्या आहेत. त्यात नवं पीक शोधायचं नव्हतं. त्याची किंमत आपण पाण्यात देतो, आणि मला ती फार वाटते. अ‍ॅव्हरेज पडतं त्याचं कारणही साधं आहे, लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते.

दिवाळीत भाचा फराळाला आला तेव्हा मी त्याला बसवून हे सगळं सांगितलं. चकल्या खात खात त्याने ऐकलं आणि विचारलं, "मग थोडंच उपाशी ठेवलं तर?" अभियंता आहे, त्याला मधला मार्ग लगेच सुचतो. मी त्याला सांगितलं की बरीच माणसं हेच करून पाहतात. नत्र एकदम न तोडता मोजून मोजून द्यायचं, वाढ मंदावेल पण थांबणार नाही, तेल थोडं चढेल. आकडे मोठे येत नाहीत, पण खरे येतात.

सध्या एका महाविद्यालयातली मुलगी माझ्याकडे येते. तिला शेवाळ वाढवायचंय ते मैलाशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकापासून अशी तळी चालवली. पाण्यातलं नत्र आणि स्फुरद शेवाळ खाऊन टाकतं, पाणी स्वच्छ होतं, आणि तेल निघालं तर तो वरचा फायदा. मुळा-मुठेच्या काठावर राहणाऱ्यांना असं पाणी नवं नाही. तिच्या मार्गदर्शकांना तेलाचे आकडे हवेत, तिला नदी हवी आहे. मी तिला माझ्या तळ्याच्या वह्या दिल्या, विशेषतः जून ते सप्टेंबरच्या. रोटिफर कधी आले, किती दिवसांत तळं खाल्लं, पाण्याचं तापमान काय होतं, सगळं त्यात आहे. मामा निवृत्त होऊन गावी गेलेत, पण फोनवर त्यांच्याशीही तिची ओळख करून दिली आहे. रंग उतरला की फोटो पाठव म्हणतात. पहिली बॅच पावसाळ्यातच लावायची असं आम्ही ठरवलंय, कारण जुलैत टिकलं तर बाकीचं वर्ष सोपं आहे. टाक्यांचं भाडं, पंप आणि नत्र मोजायच्या किटचा खर्च काढायचं काम माझ्याकडे आलंय.